सातची जोडी

गेल्या जानेवारीत माझ्या गॅरेजमधलं व्ही-एट इंजिन मी विकलं. घ्यायला आलेला मुलगा जीलाँगहून ट्रेलर जोडून आला होता. चेनब्लॉकला इंजिन टांगता टांगता त्याने सहज विचारलं, "एवढं चांगलं एलएस-वन, एकदाही गाडीत न बसवता का विकतोयस?" मी म्हटलं, "जागा नाही." ते खोटं होतं. जागा भरपूर होती. सात वर्षं ते इंजिन निळ्या ताडपत्रीखाली कोपऱ्यात पडून होतं आणि कोणाला नडत नव्हतं. खरं कारण सांगायला सुरुवात केली असती तर साताऱ्याच्या एसटी कार्यशाळेपासून करावी लागली असती, आणि त्याला तर लवकर निघायचं होतं. म्हणून ते इथे सांगतो.

मी 2007 मध्ये मेलबर्नला शिकायला आलो. फी भागवायला शनिवार-रविवारच्या रात्री टॅक्सी चालवायचो. पिवळी फोर्ड फाल्कन, एलपीजीवर चालणारी. चार लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर एका ओळीत. माझ्या हाती आली तेव्हा तिच्या मीटरवर सहा लाख किलोमीटर होऊन गेले होते, आणि मालक तिच्या पोटात ऑइल आणि रेडिएटरमध्ये पाणी याखेरीज काही घालत नव्हता. पहाटे तीनला विमानतळाच्या रांगेत उभं असताना आयडलिंग इतकं शांत, की इंजिन चालू आहे हेच मी विसरायचो आणि परत सेल्फ मारायचो. दात खरवडल्याचा आवाज यायचा, मागच्या टॅक्सीतला मित्र हसायचा. असं एका महिन्यात चारदा झालं. तेव्हा वाटायचं, या इंजिनात जीवच नाही.

त्या आवाजाला, किंवा आवाजाच्या अभावाला, आणखीही काही चिकटलं होतं. 2008 मध्ये एका भारतीय चालकाला भोसकलं तेव्हा फ्लिंडर्स स्ट्रीटच्या चौकात टॅक्सीवाल्यांनी ठाण मांडलं. मीही त्या गर्दीत बसलो होतो. त्यानंतर कित्येक महिने ते इंजिन निवांत गुरगुरत असताना माझं निम्मं लक्ष मागच्या सीटवर असायचं. नोकरी लागली, टॅक्सी सुटली, आणि ओळीतली सहा सिलिंडर पुन्हा आपल्या दारात नकोत असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्या वेळी मला वाटलं, हे माझं तांत्रिक मत आहे.

ऑस्ट्रेलियात दुसरं दैवत तयारच होतं. इथे फोर्ड आणि होल्डन ही दोन घराणी. ऑक्टोबरात बॅथर्स्टच्या डोंगरावर त्यांची शर्यत लागायची आणि घराघरांतून दोन तट पडायचे. पहिल्यांदा शर्यतीचं व्ही-एट जवळून ऐकलं तेव्हा ढोलताशाचं पथक अंगावर यावं तसं छातीत वाजलं. शक्ती म्हणजे हे, असं त्या क्षणी पक्कं झालं. 2015 मध्ये मी एक 1986 ची एक्सएफ फाल्कन घेतली, अंगाने बरी, इंजिनाने गेलेली. दोन वर्षांनी एका ठोकलेल्या होल्डन कमोडोरमधलं एलएस-वन मिळालं. 5.7 लिटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. यावर टर्बो चढवायचा, चाकांवर चारशेच्या आसपास किलोवॅट काढायचे आणि विंटनच्या ट्रॅकवर जायचं, हा बेत.

माझे मुद्दे चुकीचे नव्हते, हेही कबूल करतो. एलएस हे आखूड, बुटकं आणि वजनाला हलकं इंजिन आहे. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात आणि वर पुशरॉड, त्यामुळे हेड लहान. सुटे भाग जगभर मिळतात. उलट फोर्डचं बॅरा, म्हणजे माझ्या टॅक्सीतलंच इंजिन, लांबच लांब, उंच, लोखंडी ब्लॉकचं. कागदावर मी जिंकलेलो होतो. पण मुद्दे मांडताना माझा सूर वेगळाच लागायचा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका पोराने विचारलं, "काका, तुमच्या फाल्कनमध्ये बॅरा टाकलं तर?" मी म्हटलं, "टॅक्सीचं इंजिन ते. भाडी मारायचीत का मला?" सगळे हसले. पोरगा हिरमुसला. त्या हसण्याची चव मला पुढे बरीच वर्षं आवडत राहिली.

माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांची अख्खी नोकरी फोर्डच्या जीलाँगमधल्या इंजिन कारखान्यात झाली. 1960 साली पहिली ऑस्ट्रेलियन फाल्कन आली ती ओळीतल्या सहा सिलिंडरांवर, आणि त्याच वंशावळीचं शेवटचं इंजिन म्हणजे 2002 मध्ये आलेलं बॅरा. 7 ऑक्टोबर 2016 ला कारखाना बंद झाला. फोर्डच्या गाडीत होल्डनचं इंजिन म्हणजे या पिढीच्या लेखी सोयरीकच चुकलेली. पण ते टोचून बोलले नाहीत. कुंपणावरून एवढंच म्हणाले, "मेट, या गाडीला कंपनीने व्ही-एट कधी दिलंच नव्हतं. बॉनेट उघडून जागा कोणासाठी ठेवलीय ते बघ." एक्सएफच्या काळात फोर्डने इथे व्ही-एट बंद केलं होतं, हे खरं होतं. मी मान डोलावली आणि ताडपत्री पुन्हा ओढून घेतली.

2019 मध्ये अण्णा आले, माझे वडील. एसटीच्या सातारा विभागाच्या कार्यशाळेत हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो. तिथे टाटा आणि लेलँडची सहा सिलिंडरची डिझेल इंजिनं उघडी पडलेली असायची, आणि अण्णा टॅपेट लावताना पाढा म्हटल्यासारखं पुटपुटायचे: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. त्यांच्या शर्टाला येणारा डिझेलचा वास शाळेत माझ्या दप्तरालाही यायचा. त्याची मला लाज वाटायची, हेही याच मनोगतात लिहून टाकतो.

मेलबर्नमध्ये तिसऱ्या दिवशी अण्णांना कंटाळा आला. शेजाऱ्यांच्या गॅरेजात एक बॅरा स्टँडवर चढवलेलं होतं, हेड काढलेलं. अण्णांना इंग्रजी तोडकंमोडकं येतं, शेजाऱ्यांना मराठी अजिबात नाही. पण दोघांनी एकमेकांचे हात बघितले आणि ओळख झाली. अण्णांनी क्रँकच्या नाकावर लांब दांड्याचा पाना लावला आणि सावकाश फिरवायला लागले. पिस्टन वर आले, खाली गेले. अर्धा फेरा झाल्यावर थांबले.

"आरं, हे तर आपलंच हाय की."

"अण्णा, हे पेट्रोलचं आहे."

"आसू दे. सातची जोडी हाय ना?"

सातची जोडी म्हणजे काय, हे मला माहीत होतं. सहावीत असताना त्यांनीच शिकवलं होतं. एक नंबरचे टॅपेट लावायचे तर सहा नंबरचे व्हॉल्व्ह बघायचे. दोनसाठी पाच, तीनसाठी चार. बेरीज नेहमी सात. कारण एक आणि सहा हे पिस्टन बरोबरीनेच वर येतात. एकाचा दाब पुरा होत असतो, तेव्हा दुसऱ्याचा एक व्हॉल्व्ह मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो. त्या दुसऱ्याची चाळवाचाळव दिसली की पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत असं समजायचं आणि फीलर गेज घालायची. ही झाली मेकॅनिकची खूण.

इंजिनिअरिंगला मी समतोलाची गणितं सोडवली होती, पेपरात चांगले गुणही मिळवले होते. पण त्या गॅरेजात, अण्णांच्या हातातला पाना फिरत असताना, पहिल्यांदा लक्षात आलं की सातची जोडी आणि ते गणित ही एकच गोष्ट आहे. तीन जोड्या, एकमेकींपासून 120 अंशांवर. एक जोडी माथ्यावर असते, तेव्हा बाकीच्या दोन अशा जागी असतात की वरखाली होणाऱ्या वजनाचे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट गतीने येणारी जी थरथर उरते, तीही इथे उरत नाही. आणि पुढचे तीन सिलिंडर मागच्या तिघांचं आरशातलं प्रतिबिंब असल्यामुळे इंजिन पुढूनमागून डोलतही नाही. वेगळा तोल-दांडा नको, की बाहेरून जड वजनं लावून केलेली समजूत नको. व्ही-एटही शांत चालतं, पण त्यासाठी त्याच्या क्रँकवर भली मोठी वजनं कोरावी लागतात. माझ्या टॅक्सीला मी चारदा सेल्फ मारला, तो इंजिनात जीव नव्हता म्हणून नव्हे. ते इतकं तोलात होतं, की ते चालू असल्याचा पुरावा माझ्या बुडाला मिळत नव्हता.

पाढ्यातही एक गंमत निघाली. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार: एकदा पुढच्या तिघांतला, एकदा मागच्या तिघांतला, कधी चुकत नाही. म्हणजे पुढच्या तिघांचा धूर एका नळीने आणि मागच्यांचा दुसऱ्या नळीने टर्बोला दिला, तर प्रत्येक नळीत ठोके समान अंतराने येतात. कोणी कोणाच्या श्वासात श्वास मिसळत नाही. नेहमीच्या व्ही-एटमध्ये एका बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोके असमान अंतराने पडतात. मी ज्या आवाजावर भाळलो होतो, तो त्या असमानतेचाच आवाज. आवडायला हरकत नाही, आजही मला तो आवडतो. पण त्याला शक्तीचा पुरावा मानणं हा माझा भाबडेपणा होता.

अण्णांनी पुढे खाली वाकून बॅटरी मारली आणि मेन बेअरिंग मोजली. सात. प्रत्येक सिलिंडरच्या क्रँकपिनला दोन्ही बाजूंनी आधार. व्ही-एटमध्ये पाच बेअरिंगवर आठ सिलिंडर, एका पिनवर दोन-दोन कनेक्टिंग रॉड. "बोजा वाढवायचा आसंल तर आधी टेकू मोजावं," असं म्हणत अण्णांनी पाना खाली ठेवला आणि हात पुसले. माझ्या व्ही-एटबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

तरी मी लगेच पालटलो नाही. अण्णा परत गेल्यावर मी वही काढली आणि दोन्ही इंजिनांचा हिशेब मांडला, मनातून व्ही-एट जिंकावं म्हणूनच. टर्बोसाठी व्ही-एटला दोन्ही बाजूंना एग्झॉस्ट. एका बाजूला स्टीअरिंगचा दांडा आडवा येतो, म्हणजे नळ्या वळवून घ्या, नाहीतर दोन टर्बो लावा. नवे माउंट, नवी वायरिंग, आणि वर व्हिक्टोरियाच्या नियमाप्रमाणे मान्यताप्राप्त इंजिनिअरचा दाखला. बॅराला एग्झॉस्ट सगळा एका अंगाला, हवा दुसऱ्या अंगाने, मधे हात घालायला जागा. फोर्डने स्वतःच 2002 च्या एक्सआर-सिक्स टर्बोमध्ये त्यातून 240 किलोवॅट काढून विकले होते. 2016 च्या शेवटच्या एक्सआर-सिक्स स्प्रिंटमध्ये तर 325. कंपनी हमी देऊन एवढं विकते, तेव्हा तळ किती मजबूत असेल याचा अंदाज येतो.

बाहेरच्या जगाकडेही पाहिलं. टोयोटाच्या सुप्रातलं 2जेझेड तीन लिटरचं, निसानच्या स्कायलाइन जीटी-आरचं आरबी-26 अडीच लिटरच्या थोडं वर. दोन्ही ओळीतली सहा, दोन्ही लोखंडी ब्लॉकची, आणि कारखान्याने दिली त्याच्या कितीतरी पट शक्ती त्यातून लोकांनी काढलेली. नव्वदच्या दशकात ही रचना मागे पडली ती दुबळी होती म्हणून नाही. इंजिन आडवं बसवून पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या आल्या, अपघातात चेपायला नाकात मोकळी जागा लागू लागली, आणि आखूड व्ही-सिक्स सोयीचं पडलं. मर्सिडीजने व्ही-सिक्स धरलं आणि 2017 मध्ये पुन्हा ओळीतल्या सहावर आली. पुढचे पट्टे काढून टाकून त्यांनी इंजिनाची लांबी वाचवली. बीएमडब्ल्यूने तर ही वाट कधी सोडलीच नव्हती, आणि 2019 ची नवी सुप्रा त्यांच्याच इंजिनावर आली. पुढे 2022 मध्ये माझ्दाही याच ओळीत उभी राहणार होती. एवढे सगळे शहाणे परत फिरले होते, आणि मी टॅक्सीच्या आठवणीने अडून बसलो होतो.

मेलबर्नच्या लांबलेल्या लॉकडाऊनमध्ये मी शेजाऱ्यांकडून ते बॅरा विकत घेतलं. एक्सएफच्या बॉनेटखाली ते लांबीला सहज बसलं. उंचीशी मात्र झगडावं लागलं, सम्प बदलला, माउंट नवे केले. पण व्ही-एट विकलं नाही. विकणं म्हणजे जाहीर कबुली. ताडपत्रीखाली असेपर्यंत "तेही पुढे कधीतरी बसवीन" असं म्हणता येत होतं.

इथवरची गोष्ट ऐकणाऱ्याला वाटेल, पोरगा सुधारला. नाही. नव्याने दीक्षा घेतलेल्याची बांग मोठी असते. आता मी भेटेल त्याला सात बेअरिंग आणि 120 अंश ऐकवायला लागलो. बॅरा मोडतच नाही, हा माझा नवा मंत्र. शेजाऱ्यांनी तीन कामं सांगितली होती: व्हॉल्व्हच्या स्प्रिंग बदल, ऑइल पंपाचे गियर बदल, क्रँकच्या पुढचा डँपर चांगला घाल. मी स्प्रिंग बदलल्या, कारण जुन्या स्प्रिंग बूस्टपुढे टिकत नाहीत हे लगेच दिसतं. डँपर बरा वाटला म्हणून ठेवला. पंपाचे गियर राहू दिले. इंजिन बाहेर असताना ते काम सोपं होतं, पैसेही फार नव्हते. पण जे इंजिन मोडत नाही, त्याचा पंप कशाला उघडायचा? वर रेव्ह लिमिट सात हजारांवर नेऊन ठेवली.

2022 च्या हिवाळ्यात विंटनला गेलो. गाडी पळत होती म्हणजे काय पळत होती! चौथ्या फेरीत वळणातून बाहेर पडताना ऑइल प्रेशरचा काटा आडवा झाला. मला वाटलं, सेन्सर गेला. तो विचार करायला जे दोन-तीन सेकंद लागले, तेवढ्यात बेअरिंगं गेली.

पुढचं कव्हर उघडलं तेव्हा पंपाचा आतला गियर तीन तुकडे होऊन पडला होता. मी एक तुकडा हातात घेतला. हा गियर धातूची भुकटी दाबून, भाजून बनवतात. मोडलेली कड गुळाची ढेप फोडल्यावर दिसते तशी दाणेदार, फक्त करडी. अंगठा फिरवला की कण निघत होते. हा गियर क्रँकच्या नाकावरच बसतो, तिथूनच फिरतो. आणि ओळीतल्या सहाचा क्रँक लांब. प्रत्येक ठोक्याला तो ओल्या धोतराला पीळ द्यावा तसा किंचित पिळतो आणि सुटतो. फेरे वाढवले की ती पिळवटण एका ठरावीक वेगाला लयीत येते आणि पुढच्या टोकाला हातोडे मारावेत तशी बसते. डँपर त्यासाठीच असतो. ज्या लांबीमुळे सातची जोडी जमते, त्याच लांबीची ही किंमत. आखूड व्ही-एटला ती इतकी मोजावी लागत नाही. स्कायलाइनच्या नावाजलेल्या इंजिनालाही सुरुवातीच्या वर्षांत ऑइल पंपाच्या जोडणीचाच आजार होता. हे मी वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं.

अण्णांना फोनवर सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "पंप बघितला नव्हतास व्हय?" तीस वर्षं एसटीच्या गाड्या घाटात चढवून उतरवण्याची ज्यांनी जबाबदारी घेतली, त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइझ बेअरिंग घातली, पंपाला अखंड पोलादातून कापलेले गियर घातले, नवा डँपर लावला, लिमिट साडेसहा हजारांवर आणली. गाडी चाकांवर 370 किलोवॅट देते. चारशेचा हट्ट सोडला. नाक अजूनही जड आहे, विंटनच्या आखूड वळणांत ती पुढून थोडी बाहेर जाते, आणि तिथे हलक्या व्ही-एटवाले मला आतून ओलांडून जातात.

म्हणून आज माझं मत विचाराल तर ते पूर्वीइतकं झणझणीत नाही. बूस्टवर मोठी शक्ती हवी असेल, गाडीच्या पुढ्यात लांबी असेल आणि पंप-डँपरचे पैसे आधी बाजूला काढायची तयारी असेल, तर ओळीतली सहा घ्या. त्या शक्तीला तिच्याइतका सरळ रस्ता मला दुसरा माहीत नाही. आणि ज्या गोष्टीला मी मत समजत होतो, त्यात निम्मं मेलबर्नच्या रात्रींचं भय होतं आणि निम्मी डिझेलच्या वासाची लाज. इंजिनाचा भाग त्यात फारच थोडा होता.

व्ही-एट विकल्याचं कळलं तेव्हा तोच मंडळातला पोरगा घरी आला. आता चांगला नोकरीला लागलाय. त्याने जुनी माझ्दा एमएक्स-5 घेतलीय, चिमुकली दोन माणसांची. डोळे चमकत होते. "काका, आता तुम्हीच म्हणता ना सहाच सिलिंडर? मग यात बॅरा टाकू?"

पूर्वी मी त्याला हसलो असतो. मधल्या काळात असतो तर सात बेअरिंग मोजून दाखवली असती. मी त्याला आधी बॉनेट उघडायला सांगितलं आणि घरातून मोजपट्टी आणली. एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं मी रेडिएटरपाशी धरलं. आकडा त्यानेच वाचला आणि गप्प झाला.

"यात सहा मावणार नाही," मी म्हटलं. "शक्तीच हवी असेल तर आखूड व्ही-एट बघ. माझ्याकडे एक होतं, सात वर्षं पडून. गेल्या महिन्यातच विकलं."